सिग्नल शून्य, नोंदी सात

सम्यक, मैत्रेयी —

तुमची आजी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. हे लिहायला बसले आहे म्हणून आता ठेवायला लागले, असंही समजू नका. बावीस प्रतिज्ञा म्हणणारं आमचं घर. भूत, भानामती, अंगात येणं, सगळ्याला तुमचे आजोबा एकच शब्द वापरत — "लोड शेडिंग". म्हणजे डोक्यातली वीज गेली की माणसाला असलं दिसतं. मी पण तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. गोष्ट दोन ठिकाणी तपासल्याशिवाय खरी मानायची नाही, हे मुलांना सांगता सांगता मलाच लागलेलं वळण आहे.

तुम्ही आलात तेव्हा सम्यकनं मला ही साइट दाखवली होती. लोक आपापले अमानवीय अनुभव इथं लिहितात. मी चार-पाच वाचले आणि म्हणाले, "पहिल्यात स्वल्पविराम नाहीत, दुसऱ्यात अक्कल नाही." आजोबा केवढे हसले होते, आठवतं ना? आज मीच इथं लिहिते आहे. फोनवर सांगायला गेले असते तर तुमची आई रडली असती, मी रडले असते आणि सांगायचं राहून गेलं असतं. बाकीच्या वाचकांनी वाचलं तरी हरकत नाही. फक्त खाली "आजी, त्यांचा आत्मा होता" वगैरे लिहू नका, एवढी विनंती.

आमचं गाव कुरुंदा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. गावाच्या कडेला, हळदीची रानं सुरू होतात तिथं आमचं तीन खोल्यांचं पक्कं घर. वर गच्ची, गच्चीवर डिश. तिला इथं सगळे छत्रीच म्हणतात. तुमचे आजोबा लाइनमन होते. खांबावर चढण्यात उभा जन्म गेला. ती छत्री त्यांनी स्वतः बसवलेली होती, आणि वादळात हलली तर परत कुठं आणायची हे कळावं म्हणून पाइपावर लाल ऑइलपेंटची रेघ मारून ठेवलेली. त्यांचं एक वाक्य होतं, तुम्हीही ऐकलं असेल — "आधी लाइन बघायची, मंग मशीन."

आता दुसरी गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आम्ही दर वर्षी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीला जायचो. हिंगोलीहून अकोला, अकोल्याहून नागपूर, रेल्वेत जमेल तिथं बसून. आजोबा तर त्यांच्या वडिलांच्या खांद्यावर बसून गेलेले होते. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी त्या गर्दीत हरवले. मी एकवीस वर्षांची, औरंगाबादला बी.ए. झालेली, पण लाखो माणसांत बी.ए. काय कामाचं? मैदानाच्या कडेला पिण्याच्या पाण्याची सिमेंटची टाकी होती. तिच्या पायरीपाशी मी दोन पिशव्या घेऊन उभी राहिले. एका पिशवीत दशम्या आणि ठेचा, दुसरीत नुकतीच घेतलेली पुस्तकं. तीन तासांनी ते आले. एवढा दणकट माणूस, पण डोळे लाल झालेले. मला वाटलं आता ओरडतात. ते म्हणाले, "मास्तरीणबाई, भाकरीपरीस पुस्तकंच जड घेतली का वो?" आणि पिशवी हातातून काढून घेतली. तेव्हा मी मास्तरीण झालेसुद्धा नव्हते.

त्या दिवशी त्यांनी नियम केला. हरवलं तर टाकीपाशी थांबायचं, शोधत फिरायचं नाही. जो मागं राहील त्यानं उभं राहायचं, दुसरा येणारच.

तो नियम आम्ही चाळीसहून जास्त वर्षं पाळला. दोनदा मी हरवले, एकदा ते. प्रत्येक वेळी टाकीपाशीच सापडलो.

मागच्या उन्हाळ्यात त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं जड झालं. शब्द तोंडात यायचे, पण ओले होऊन, एकमेकांना चिकटून. माझ्याशिवाय कुणाला फारसं कळायचं नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी मला एक काम सांगितलं, की ते कधी असंबद्ध बोलले तर वेळ आणि शब्द जसेच्या तसे वहीत लिहून ठेवा, औषध ठरवायला उपयोग होतो. मला असलं काम आवडतं. दोनशे पानी वही घेतली, समास आखले. डावीकडे वेळ, उजवीकडे शब्द.

जसजसा दसरा जवळ आला तसे ते एकच विचारू लागले. "टीव्हीवर दाखवतेत ना?" मी म्हणायची, दाखवतात. एका फुकट दिसणाऱ्या चॅनेलवर दीक्षाभूमीवरची सकाळची वंदना थेट दाखवतात, ती आपण इथं खाटेवरूनच बघू. मी सोबत बसेन, पांढरी साडी नेसून. "पिशव्या पण घे," ते म्हणाले. हा विनोद होता, पण अर्ध्याच तोंडानं हसले, आणि मला स्वयंपाकघरात जावं लागलं.

दसऱ्याला तीन दिवस राहिले असताना व्होल्टेज वरखाली झालं आणि टीव्ही गेला. आवाज यायचा, पडदा काळा. मी वसमतच्या दुकानदाराला फोन करून नवा सांगितला. तो म्हणाला, "मॅडम, सणाची गर्दी हाय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बराबर आणून देतो." मोबाईलवर बघावं म्हटलं तर आमच्या गल्लीत ते गोल चक्र फिरत राहतं, हे तुम्ही अनुभवलं आहेच. तुम्ही दोघं मला व्हिडिओ कॉल करता तेव्हाही मी गच्चीच्या जिन्यात बसते, तिसऱ्या पायरीवर.

मग मला सम्यकची डबी आठवली.

सम्यक, तू आला होतास तेव्हा टीव्हीवर माझी मालिका असायची आणि तुला आजोबांसोबत मॅच बघायची असायची. म्हणून तू ती यूएसबीची डबी मागवली होतीस. छत्रीची वायर तिच्यात लावायची, ती कॉम्प्युटरला लावायची की कॉम्प्युटरच टीव्ही होतो. तुम्ही दोघं नातू-आजोबा आतल्या खोलीत खुसुखुसु करत बसायचात. जाताना ती तू इथंच ठेवून गेलास. मी ती खोक्यात घालून, वर चिठ्ठी लावून कपाटात ठेवली होती. मला दोन मिनिटांत सापडली. माझं मलाच कौतुक वाटलं.

कॉम्प्युटर मी पुढच्या खोलीत आणून त्यांच्या खाटेसमोर टेबलावर मांडला. खोक्यात चोवीस पानी इंग्रजी माहितीपुस्तक होतं. ते मी पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून वाचलं. टीव्हीमागची वायर काढून डबीला लावली. डबी कॉम्प्युटरला लावली, तिच्यावर छोटा लाल दिवा लागला. पहिला दिवस ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला डबी ओळखायला लावणाऱ्या प्रोग्राममध्ये गेला. यादीत डबीच्या नावापुढं पिवळं उद्गारचिन्ह येत होतं. जिन्यावर बसून, मोबाईलवर थोडं थोडं करत ड्रायव्हर उतरवला, तेव्हा ते चिन्ह गेलं. मी टाळी वाजवली. आजोबांनी डाव्या हातानं मांडीवर वाजवली.

दुसऱ्या दिवशी सॅटेलाइट निवडलं, फ्रिक्वेन्सी भरली, सिम्बॉल रेट भरला, स्कॅन दाबलं. खाली दोन पट्ट्या असतात — एक स्ट्रेंग्थ, एक क्वालिटी. दोन्ही शून्य. मधोमध काळ्या पडद्यावर एक निळी चौकट इकडून तिकडं तरंगायची — "नो सिग्नल".

आजोबा काहीतरी म्हणाले. मी जवळ जाऊन ऐकलं.

"वर... करंट पोचून राहिला का?"

मी म्हणाले, "अहो, कॉम्प्युटर चालू आहे. दिवा लागलाय डबीचा. वीज आहेच की."

"न्हाई. वर. छत्रीला."

"छत्रीला कसली वीज? छत्रीला सिग्नल येतो."

त्यांनी डावा हात खाटेखाली केला आणि बोट दाखवलं. मी लघवीचं भांडं काढून दिलं. त्यांनी मान हलवली. पुन्हा बोट खाली. मी पुन्हा भांडं दिलं. मग त्यांनी हात छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. मला वाटलं, दमले.

हे मी इतकं सविस्तर का लिहिते आहे ते पुढं कळेल.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी आठला शेजारच्या शांताबाई आल्या. पांढरी साडी, केसांत काही नाही, विहारात निघालेल्या. दारातूनच म्हणाल्या, "मॅडम, झालं का तुमचं शिनेमाघर?"

"होतंच आहे."

"होतंय व्हय? परवापासून हेच ऐकून राहिले मी. काहून एवढी तकलीफ घेता? माझा टीव्ही उचलून आणते की, डब्यासगट. दोघी मिळून वायर लावू."

"नको हो शांताबाई. एक फ्रिक्वेन्सी तेवढी तपासायची राहिलीय."

खाटेवरून आजोबा काहीतरी बोलले. शांताबाईंनी विचारलं, "काय म्हणून राहिले भाऊ?"

मी सांगितलं, "म्हणतात, मास्तरीणबाई पास झाल्याबिगर उठत न्हाई."

शांताबाई हसल्या. "भाऊ, तुमीच सांगा तिला. आमचं ऐकत न्हाई ती." आणि आपल्या घराला कुलूप लावून निघून गेल्या. मी त्यांना थांबवलं नाही. टीव्ही आणायला दहा मिनिटं लागली असती.

मी आजोबांना आंघोळ घातली, पांढरा सदरा घातला, पाठीला दोन उशा लावून बसवलं. मी पण पांढरी साडी नेसले. पावणेदहाला टेबलाशी बसले. स्क्रीन त्यांच्याकडे तोंड करून होती आणि मी खाट आणि टेबलाच्या मध्ये, थोडी एका बाजूला, पुस्तक मांडीवर. मान वर केली की मलाही स्क्रीन पूर्ण दिसायची. काळी. निळी चौकट फिरते आहे. स्ट्रेंग्थ शून्य, क्वालिटी शून्य.

दहा वाजून दहा मिनिटांनी ते म्हणाले, "सुरू झालं."

मी दचकून स्क्रीनकडे पाहिलं. काळी.

"कुठं? काहीच नाही."

"स्तूपावर कबुतरं बसली हायेत... हे उडाली बघ एकदम."

ते भूत-बित नाही, मला डॉक्टरांचे शब्द आठवले. असंबद्ध बोलले तर. मी वही ओढली आणि लिहिलं. १०.१०. वेळ कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातली.

पण त्यांचं बोलणं... बोलणं स्वच्छ होतं. मी लिहिण्याच्या नादात ते आधी लक्षातच घेतलं नाही. पाच महिन्यांत पहिल्यांदा प्रत्येक शब्द सुटा येत होता.

पुढच्या नोंदी वहीतून उतरवते.

१०.१७ — त्रिशरण म्हटलं, पूर्ण, न अडखळता. मग म्हणाले, "पुढचा भन्ते लई तरणा हाय. सारखा चष्मा वर करून राहिला."

१०.२४ — "पोरगी बापाच्या खांद्यावर बसलीय. एका पायात निळा बूट, दुसरा न्हाईच."

१०.३१ — "लाउडस्पीकरवर पुकारून राहिले. डोंगरकडा गावच्या कौसल्याबाई, तुमची नात मंचापाशी हाय, घेऊन जा."

१०.४० — हसले. "म्हातारा छत्री उघडून बसला. ना ऊन ना पाऊस. मागचे वरडून राहिले त्याच्यावर."

१०.४६ — "बाया उभ्या राहिल्या सगळ्या. पांढरंच पांढरं. कपाशी फुटल्यावानी."

या प्रत्येक दोन नोंदींच्या मध्ये ते मला बोलवत होते. ते मी वहीत लिहिलं नाही. ते असंबद्ध नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. "ये ना, बस इथं." मी म्हणत होते, "दोन मिनिटं, अहो. एवढं स्कॅन होऊ द्या." पुन्हा — "बस की गं." मी म्हणाले, "ही टक्केवारी बघा, एकसष्टवर आलीय." मला खरंच वाटत होतं की ते भ्रमात आहेत, आणि खरं चित्र आणून दिलं की भ्रम जाईल. त्यांना खरं दाखवायचं होतं मला. त्यासाठी मी त्यांच्याकडे पाठ करून बसले होते.

१०.५२ — "तू टाकीपाशी हायस. दोन्ही पिशव्या घेऊन. थांब म्हणावं तिला, हलू नको. मी येऊन राहिलो."

मी लिहिता लिहिता म्हणाले, "अहो मी इथं आहे. ही काय, इथं."

स्कॅन संपलं. "शून्य चॅनेल सापडले." मी मागं पाहिलं तर त्यांचे डोळे मिटलेले, डावा हात कपाळापाशी नेऊन तसाच उशीवर टेकलेला. झोपले, असं वाटलं. मी पांघरूण पोटावर ओढलं. आणि पुन्हा टेबलाशी बसले.

मी आणखी दोन स्कॅन केले.

सव्वाबाराला भात भरवायला गेले तेव्हा हात गार लागला. बाळांनो, सव्वाबाराला. ते नक्की कधी गेले मला माहीत नाही. दोनशे पानी वहीत ती एक वेळ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे स्मशानातून परत आले तेव्हा वसमतचा दुकानदार टीव्हीची पेटी घेऊन दारात उभा होता. शब्द पाळला त्यानं. लोक बघून त्यानं पेटी भिंतीशी ठेवली, चप्पल काढली आणि लोकांत खाली बसला. शांताबाई रडत मला म्हणत राहिल्या, "दहा मिनिटांचं काम होतं मॅडम, दहा मिनिटांचं." मी त्यांना रागावले नाही. खरंच तेवढंच होतं.

महिन्याभरानं मी त्यांची खाट आवरायला घेतली. खाटेखाली माझे पत्र्याचे डबे असतात, प्रत्येकावर चिठ्ठी — "बॅटऱ्या", "जुन्या चाव्या", "औषधांच्या पावत्या". एका डब्यावर माझ्याच अक्षरात होतं: "सम्यक — चार्जर". आत एक काळा अ‍ॅडाप्टर. मी समजले होते तुझ्या लॅपटॉपचा असेल, पुढच्या वेळी येशील तेव्हा देऊ, म्हणून वेगळा काढून जपून ठेवला होता. त्याच्यावर त्या टीव्हीच्या डबीच्या कंपनीचं नाव.

माहितीपुस्तकाच्या एकोणिसाव्या पानावर एक ओळ आहे. मी तिच्याखाली पेन्सिलनं रेघही मारलेली आहे, आणि तरी ती मला कळली नव्हती. डबीला कॉम्प्युटरकडून वीज मिळते, तिचा दिवा लागतो. पण गच्चीवरच्या छत्रीच्या तोंडाशी जे यंत्र असतं, त्याला लागणारी वीज या वेगळ्या अ‍ॅडाप्टरमधून, वायरीतून वर जाते. अ‍ॅडाप्टर नसेल तर वर काही पोचत नाही. मग खाली काही येत नाही.

"वर करंट पोचून राहिला का?"

ते तुझ्या शेजारी बसलेले होते ना सम्यक, तू हे सगळं जोडलंस तेव्हा? त्यांनी पाहिलं होतं. त्यांना माहीत होतं, आणि तो डबा कुठं आहे तेही माहीत होतं. बोट दाखवत होते. आणि मी त्यांना भांडं देत होते.

अ‍ॅडाप्टर लावून मी स्कॅन दाबलं. पहिल्याच फेरीत चॅनेल आले, चित्र लख्ख. कुणीतरी बाई भाजी कशी चिरायची ते सांगत होती. मी ते बंद केलं.

म्हणजे एवढं पक्कं आहे की त्या दिवशी त्या स्क्रीनवर काही येणं शक्य नव्हतं. क्षणभरही नाही.

आता मैत्रेयीनं जे केलं ते. डिसेंबरात तिनं मला लिंक पाठवली. "आजी, आजोबांना बघायचं होतं ना, ती पूर्ण वंदना सापडली बघ." मी हिंगोलीला भाचीकडे डोळे तपासायला गेले होते. तिच्या घरी नेट चांगलं आहे, मोठा टीव्ही आहे. दुपारी जेवणं झाल्यावर तिनं ती लावली. वही माझ्या पिशवीत होती. वही असतेच. चित्राच्या कोपऱ्यात तारीख आणि घड्याळ होतं. तारीख आधी तपासली. त्याच दसऱ्याची.

दहा वाजून दहा मिनिटांनी घुमटावरून कबुतरांचा थवा उडाला.

कबुतरं दर वर्षी असतात. चाळीस वर्षं जाणाऱ्या माणसाला ती डोळे मिटूनही दिसतील. दहा-सतराच्या सुमारास वंदना घेणाऱ्या भन्तेंवर कॅमेरा आला. तरुण होते. बोटानं चष्मा वर केला. पुन्हा केला. भाची म्हणाली, "मावशी, काय झालं? पाणी देऊ?"

दहा-चोवीस. बापाच्या खांद्यावर चार वर्षांची मुलगी. एका पायात निळा बूट.

मी तिला वही दिली आणि म्हटलं, आता तू वाच, मी बघते. दहा-एकतीसला निवेदक बोलत होता, त्याच्या आवाजामागं लाउडस्पीकरवर काहीतरी चाललेलं. तिनं आवाज मोठा केला, मागं नेलं, पुन्हा लावलं. तिसऱ्या वेळी दोघींनाही ऐकू आलं. डोंगरकड्याच्या कौसल्याबाई. तुमची नात मंचापाशी आहे.

भाचीनं वही मिटून टेबलावर ठेवली आणि हात लांब नेला, जणू वही तापली होती. मी उघडून पुढं वाचायला लावली. छत्री उघडून बसलेले म्हातारबाबाही होते. त्यांच्या मागचे लोक हातवारे करत होते. बायका उभ्या राहिल्या — ते दर वर्षीचंच, ते मी धरत नाही. कपाशीसारखं मात्र दिसत होतं, खरंच.

मग दहा-बावन्न. उंचावरचा कॅमेरा गर्दीवरून सावकाश फिरत मैदानाच्या कडेला गेला. टाकी दिसली. तीच. आता तिला निळा रंग दिलाय. मी भाचीला चित्र थांबवायला सांगितलं. टीव्हीपाशी जाऊन, चष्मा पुसून पाहिलं.

टाकीभोवती माणसंच माणसं. पायरीपाशी तेवढी एका माणसाला उभं राहता येईल इतकी जागा. तिथं कुणीच नव्हतं.

मला काय दिसेल असं वाटलं होतं कुणास ठाऊक... म्हणजे माहीत आहे, पण लिहीत नाही.

तेव्हापासून मी जे तपासता येईल ते तपासलं. शांताबाईंच्या घराला कुलूप होतं, म्हणजे त्यांच्या टीव्हीचा आवाज येणं शक्य नव्हतं. विहाराच्या लाउडस्पीकरवर त्या सकाळी गाणी चालली होती, नागपूरचं काही लावलेलं नव्हतं, तीन जणांना विचारलं. माझा मोबाईल जिन्यात ठेवलेला, बंद. बोलणं स्वच्छ कसं झालं, याला डॉक्टरांनी उत्तर दिलं. पाठ असलेली वंदना मेंदू वेगळ्या कप्प्यात ठेवतो, ती अशा आजारातही सुटी येऊ शकते. बाकीच्या शब्दांचं काय, यावर ते म्हणाले, कधीकधी शेवटी असं होतं. आणि कौसल्याबाई? त्यांनी वही दोनदा वाचली, परत दिली आणि म्हणाले, "मॅडम, चहा घेणार का?"

सात नोंदी. दोन मी सोडून देते, त्या कुणालाही सांगता आल्या असत्या. चार जुळल्या, वेळेसकट, आणि त्या का जुळल्या याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्या आजोबांचा "लोड शेडिंग" हा शब्दही मी लावून पाहिला. बसत नाही. जाणाऱ्याला काही दिसतं, असं मी अजूनही म्हणणार नाही. मला कळलेलं नाही, एवढंच म्हणेन. शाळेत मुलं उत्तर माहीत नसताना काहीतरी खरडायची तेव्हा मी सांगायची, जागा कोरी सोडा. तशी सोडली आहे.

राहिली सातवी. ती जुळली नाही.

येत्या दसऱ्याला मी नागपूरला जाते आहे. तुमच्या आईनं फोनवर पुष्कळ समजावलं — वय, गर्दी, गुडघे. शांताबाई सोबत येणार आहेत. म्हणाल्या, "मॅडम, तुमी थकल्या तर मी उचलून आणते, डब्यासगट." टाकी शोधायची गरज नाही, मला डोळे मिटून सापडेल. दशम्या मी आदल्या दिवशी करीन. पुस्तकं सकाळी तिथंच घेईन, जड असली तरी. दहा-बावन्नला मी पायरीपाशी दोन्ही पिशव्या घेऊन उभी असेन.

थांब म्हणाले होते. हलणार नाही.

— आजी